मामाजींची फियाट आणि अकरा पाइप

आधी चहा पिऊन घ्या. हा किस्सा ऐकल्यावर तुम्हाला माझ्यासोबत बसून चहा घ्यावासा वाटेल की नाही, सांगता येत नाही. अहो, चुका कोण करत नाही? पण मी माझी चूक अठरा वर्षं जपून ठेवली आणि मग सासरच्या सगळ्यांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर उघडी पाडली. असा शहाणा अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही!

तर झालं असं. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, कोराडीच्या वीज केंद्रात फोरमन होते. त्यांची एक जुनी फियाट. गेली दहा वर्षं ती अंगणात नुसती उभी होती आणि खालचा पत्रा इतका सडला होता की मांजर गाडीत तळातूनच ये-जा करायची. मामाजींची इच्छा एकच. एकदा हिच्यात बसून पारशिवनीला, आपल्या गावाकडे, जाऊन यायचं.

माझा साळा प्रमोद. लकडगंजात त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिने करतो आणि हात असा साफ की सांधा शोधून सापडत नाही. म्हणजे काम त्याचंच होतं. पण कारभारी कोण? जावई!

आणि हा जावई कोण? विमा कचेरीतला कारकून. जन्मात काही जोडलं असेल तर कागद, तेही टाचणीने. पण सहा महिने मी मोबाइलवर जुन्या गाड्या दुरुस्त करायचे व्हिडिओ पाहत होतो ना! शिवाय आमच्या सासरी जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की सासूबाई चव न बघता मीठ टाकणार. आणि दुसरं म्हणजे, शहाणपण सांगायचं असलं की माझी भाषा एकदम छापील होते. समोरच्याला वाटतं, एवढं शुद्ध बोलतोय तर खरंच असेल.

"गाडीच्या पोटाखाली लोळत वेल्डिंग करायचं नाही," मी प्रमोदला सांगितलं. "इंजिन, दारं, काचा सगळं काढायचं. राहिलेला सांगाडा पुढे एक आणि मागे एक अशा दोन लोखंडी घोड्यांच्या मध्ये टांगायचा. दोन्हीकडे फिरता पाइप. सळईवर कोंबडी फिरवतात तशी गाडी फिरवायची, हवी ती बाजू वर घ्यायची."

"म्हणजे जत्रेतला पाळणाच म्हणा ना, भाऊजी." झालं, त्या यंत्राचं नाव पाळणा पडलं.

प्रमोदने गाडी ओढून दुकानात आणली आणि घोडे उत्तम केले. चाकं लावली, फिरवल्यावर अडकवायला खिट्टी ठेवली. आता गंमत अशी, की तळ सडलेली गाडी अशी दोन टोकांवर टांगली तर मध्ये वाकते, आणि एकदा वाकली की दारं म्हणून बसत नाहीत. त्यासाठी दाराच्या मोकळ्या जागेत आधाराचे पाइप वेल्ड करतात. प्रमोदने दारं असतानाच फटी पाहिल्या, दोऱ्याने तिरपी मापं घेतली, भिंतीवर खडूने लिहिली आणि चार पाइप जोडले. चार. हा आकडा ध्यानात ठेवा.

आता मध्येच एक जुनी गोष्ट सांगतो, नाहीतर माझी लाज तुम्हाला पुरती कळणार नाही.

अठरा वर्षांपूर्वी माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि मामाजी नुकतेच रिटायर झाले होते. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना चावीचं एक सुंदर घड्याळ दिलं. त्याच फियाटमधून आम्ही सगळे पारशिवनीहून एका लग्नावरून परतत होतो. वाटेत चाक पंक्चर झालं. मामाजींनी घड्याळ काढून कोणाच्या तरी हातात दिलं आणि चाक बदललं. घरी येऊन बघतात तर घड्याळ नाही!

प्रमोद तेव्हा कॉलेजात होता. त्या घड्याळावर त्याचा फार जीव. "मी कोणाजवळ देल्लं होतं बरं?" मामाजी आठवत होते, तर मी पटकन म्हणालो, "प्रमोदजवळच. मी त्याच्या हातात बघितलं." बघितलं होतं हो, खोटं नाही! फक्त ते आदल्या दिवशी बघितलं होतं की त्या दिवशी, एवढा बारीक विचार मी केला नाही.

प्रमोद आईची शप्पथ घेऊन नाही म्हणाला. पण मामाजी म्हणाले, "जावई काहून खोटं बोलतीन?" विषय संपला. त्याला कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. पण त्या घरात पुढे काहीही हरवलं, की सगळ्यांची नजर आधी प्रमोदकडे जायची. त्याने आजवर मनगटाला घड्याळ बांधलेलं नाही. आणि मी? मी लग्नकार्यात त्यालाच मुद्दाम विचारायचो, "काय गा प्रमोद, किती वाजले?" आणि स्वतःच हसायचो.

बरं, पुन्हा पाळण्याकडे येऊ.

पहिल्यांदा सांगाडा कुशीवर फिरवला आणि आतून आवाज आला. टक्!

"पाइप ढिला आहे," मी निदान केलं. "तुझं वेल्डिंग सुटलेलं आहे."

प्रमोदने हातोडी घेऊन एकेक सांधा वाजवून दाखवला. "ऐका ना भाऊजी, कसा खणखणीत वाजून राहिला. सांधा पक्का हाय. हे काहीतरी आत पडलं हाय, या उंबऱ्यात." दाराखाली पत्र्याची जी पोकळ पट्टी असते, तिला तो उंबरा म्हणतो. "एवढासा कापून पाहू का?"

"अजिबात नाही! ढिल्या सांगाड्याला कटर लावलास तर भिजलेल्या पापडासारखा बसेल. आणखी दोन पाइप लाव."

लावले. सहा झाले. फिरवलं. टक्!

"दोन तिरपे लाव."

आठ. टक्!

"भाऊजी, मी पंचवीस वर्षं..." त्याने हिशेब दुरुस्त केला, "पंधरा वर्षं झाले हेच काम करून राहिलो. मले सांध्याचा आवाज समजत नाही का?"

आणि तेव्हा मी जे बोललो ना, ते आठवलं की आजही कान गरम होतात. माझी बायको कुंदा डबा घेऊन आली होती, तिच्यासमोर बोललो. "स्वतःची चूक कबूल न करणं ही तुझी जुनीच सवय आहे, प्रमोद."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. प्रमोदने वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, चला, मुकाट्याने कामाला लागला. त्या मुखवट्याच्या आत काय चाललं असेल हे मला आता कळतं, तेव्हा नाही कळलं.

अकरा पाइप झाले. गाडी कमी आणि पिंजरा जास्त दिसायला लागला. ग्रिल न्यायला आलेला एक माणूस विचारून गेला, "काहून भाऊ, वाघ आणून राहिले का पेंचमधून?" आणि फिरवलं की आपलं टक्!

इथे तरी गप्प बसावं की नाही? मी मामाजींना फोन लावला. "प्रमोदच्या हातून हे होणे नाही. रविवारी येऊन स्वतः ऐका. मग आपण दुसरा कारागीर पाहू." बापाची गाडी पोराच्या हातून काढून घ्यायला निघालो होतो मी, आणि मला वाटत होतं की मी गाडी वाचवतोय.

रविवारी मामाजी काठी टेकत आले, सोबत सासूबाई, कुंदा. "जय भीम, जावईबापू!" म्हणाले आणि दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसायला आधी मलाच आग्रह. मी मोठ्या मनाने ती त्यांना दिली आणि भाषण सुरू केलं. आधार म्हणजे काय, ताण म्हणजे काय, बेजबाबदार वेल्डिंगमुळे काय होतं. प्रमोद कोपऱ्यात हात पुसत उभा होता. एखाद्याला सगळ्यांसमोर नापास करावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आजवर आपण गाडी कुशीवरच घेत होतो," मी म्हणालो. "आज पूर्ण उलटी करतो. म्हणजे दोष स्पष्ट ऐकू येईल."

खिट्टी काढली. प्रमोद पुढून, मी मागून. गाडी कुशीवर आली. टक्! "ऐकलंत?" मी ओरडलो. मग चाकांची बाजू वर, छत खाली. आत काहीतरी घसरत गेलं, दाराच्या खांबाजवळच्या सडक्या भोकातून सुटलं, छतावर आपटलं, घरंगळलं आणि बरोबर मामाजींच्या चपलेजवळ येऊन पडलं.

एक मळकं गाठोडं होतं. कुंदाने उचलून गाठ सोडली. आत घड्याळ!

तेच. चावीचं. मामाजींचं.

आता तरी मी तोंड बंद ठेवायचं ना? माझ्या तोंडाला कुठे होता आधाराचा पाइप! बोट रोखून मी म्हणालो, "बघा! सापडलं! इथे लपवून ठेवलं होतंस तर, प्रमोद!"

"थांबा," कुंदा म्हणाली. ती घड्याळाकडे बघतच नव्हती. तिने हातातला रुमाल झटकला, हळूच उलगडला. गंजाचे डाग पडले होते, पण कोपऱ्यातलं निळ्या दोऱ्याचं भरतकाम शाबूत होतं. एक फूल आणि त्याखाली नाव. सुधाकर. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने स्वतःच्या हाताने भरलेलं.

सुधाकर म्हणजे मीच.

आणि मग सगळं आठवलं हो, एका झटक्यात! पंक्चर. मामाजींचे ग्रीसने भरलेले हात. "धरा बरं जावईबापू." नवा जावई मी! सासऱ्यांचं घड्याळ अदबीने रुमालात बांधलं. तेवढ्यात सासूबाईंनी चिवडा पुढे केला. हात मोकळा करायला गाठोडं मागच्या सीटच्या बाजूला, फाटक्या अस्तराच्या खाचेत, क्षणभर ठेवलं, ते तिथून घसरत खाली उंबऱ्यात गेलं. चिवडा मात्र फार छान झाला होता.

"जावईबापू," मामाजी हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी घड्याळ कोणाच्या हातात देल्लं होतं?"

"माझ्या," मी म्हणालो. छापील भाषा कुठल्या कुठे पळाली. "माह्याच हातात देल्लं होतं, मामाजी."

ते उठले, काठी न घेता प्रमोदपर्यंत गेले. "पोरा, मी तुले धड विचारलंच नाही. जावई बोलले आन् मी मानलं." त्यांनी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. त्यांना पट्टा लावता येईना, प्रमोदनेच दुसऱ्या हाताने लावून घेतला. मग त्याने चावी दिली, कानाशी धरलं.

"चालून राहिलं, बाबा," एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मी त्याच्याजवळ गेलो. "प्रमोद, मले माफ कर गा. मी लय..."

त्याने बाहीने डोळे पुसले. मला वाटलं, आता एक ठेवून देतो. द्यायलाच हवी होती! पण तो म्हणाला काय, "जाऊ द्या, भाऊजी. फक्त एवढं सांगा, ते वरचे सात पाइप आता काढू का?"

अजूनही मलाच विचारत होता! आणि मागून सासूबाई म्हणतात, "जावयाले कोणी चहा तरी द्या रे, केव्हाचे उभे हायेत."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. घळाघळा रडायला लागलो, भर लकडगंजात, उलट्या गाडीसमोर. नाक पुसायला खिसे चाचपले. या खिशात रुमाल नाही, त्या खिशातही नाही.

कुंदाने तो गंजलेला रुमाल माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुमचाच हाय. नाव हाय त्याच्यावर."