सल्फेट, राख आणि पाहण्याचा कार्यक्रम

शेतात कोणतं खत टाकलं यावरूनही पृथ्वी किती तापणार ते ठरतं, हे मला पोरांनो, तुमच्या फोनवरून कळलं. रासायनिक खत ओल्या जमिनीत पडलं की त्यातला थोडा नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन वर जातो आणि उष्णता धरून ठेवतो. शेणखतही निर्दोष नाही, भिजलेला उकिरडा मिथेन सोडतो. थोरली नात म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी कोणाला हे माहीतच नसेल." नव्हतंच. पण खतातलं काहीतरी उडून जातं, एवढं आमच्या घराला एका दुपारी चांगलंच कळलं होतं.

साल साठच्या आसपासचं. सासरे अमरावतीला वकील, शेती चांदूर बाजारकडे. धाकटी नणंद बी.ए. होऊन घरी होती. तिला पाहायला आलेल्यांनी तिला चालायला लावलं, गायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. तिला काही विचारायचं आहे का, हे कोणी विचारलं नाही. ती मला म्हणायची, "वहिनी, मले जास्त काही नाही पायजे. मी विचारलं तर समोरच्यानं उत्तर द्यावं, बस."

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात. सासऱ्यांना वाटलं, अशा माणसाला शेणखताचं घर दाखवणं म्हणजे धोतरावर टाय बांधणं. परसातला उकिरडा त्यांनी गाडीत भरून शेतावर पाठवला आणि अमोनियम सल्फेटची गोणी आणली. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वांग्यांच्या वाफ्यात ते पांढरं खत साखर पेरावी तसं पेरलं, उदार हातानं.

सासूबाईंना ते मीठ वाटलं. "माही वांगी जाळतीन हे," म्हणाल्या, आणि सासरे आंघोळीला गेल्यावर उतारा म्हणून चुलीतली टोपलंभर राख त्यावर पसरून भरपूर पाणी घातलं. अशा रीतीनं आमच्या घरात आधुनिक आणि पारंपरिक शेतीचा समन्वय झाला.

मुलगा आपल्या आत्याबाईंना घेऊन आला. वाफा दिसावा म्हणून सासऱ्यांनी बैठक मागच्या ओसरीवर घातली. पोहे येईपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सासरे पंच्यानं डोळे टिपत शेतीच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलत होते. आत्याबाई म्हणाल्या, "काहून जी, सगळेच रडून राहिले? पोरगी आजच सासरी चालली काय?"

मुलानं वाफ्याकडे पाहिलं. "सल्फेटवर कोणी राख टाकली का?"

सासूबाई पोहे वाढण्यात गुंतल्या.

"राखेनं त्यातला अमोनिया सुटतो," तो म्हणाला. "हे खत हवेत चाललंय."

नणंद डोळे पुसत होती, पण तिनं विचारलंच. "राख नसती टाकली तर काहीच उडालं नसतं?"

"थोडंफार उडतच असेल."

"मग ते वर जाऊन काय करते?"

तो हसला. "हवा आमच्या खात्यात येत नाही."

सगळे हसले. सासरे सर्वांत मोठ्यानं. निघताना आत्याबाईंनी मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. नणंदेनं स्वयंपाकघरात नकार दिला.

"कारण?" सासऱ्यांनी विचारलं. "मुलगा धडधाकट, नोकरी सरकारी, खातं वाढतं."

"हवा त्याच्या खात्यात येत नाही. माहे प्रश्न कोणत्या खात्यात येतीन, बाबा?"

पुढचे काही दिवस घरात चर्चा झाली, पण तिच्या उत्तराची नाही. स्थळ सल्फेटनं बिघडवलं की राखेनं, यावर. सासरे म्हणत, चुलीपाशी बसणाऱ्यांनी विज्ञानात हात घालू नये. सासूबाई म्हणत, विज्ञान होतं तर गोणीतच ठेवायचं. तुमच्या त्या हवामान परिषदांच्या बातम्या वाचते तेव्हा मला हेच आठवतं. अमुक खताचे लोक तमुक खताच्या लोकांना दोष देत असतात, आणि ओसरीवर बसलेले डोळे पुसत असतात. फरक एवढाच की तुमच्या त्या वायूनं डोळ्यांत पाणी येत नाही, त्यामुळे कोणाला घाई नाही.

सासरे नकार कळवायचं टाळत होते, एवढ्यात रविवारी मुलगा एकटाच एस.टी.नं आला. सासऱ्यांना वाटलं, तारीख ठरवायला आला. तो ओसरीवर उभ्या उभ्याच नणंदेला म्हणाला, "त्या दिवशी मी चेष्टेवारी नेलं. नंतर कॉलेजात विचारलं, साहेबांना विचारलं. वर जाऊन ते काय करतं, कोणालाच सांगता आलं नाही. मलाही माहीत नाही."

नणंदेनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा," ती म्हणाली. "चहात साखर किती?"

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. तिनं आजवर एकाही स्थळाला आपण होऊन बसा म्हटलं नव्हतं.

तो गेल्यावर सासरे मात्र काळजीत पडले. "सरकारी माणूस असून तोंडानं 'माहीत नाही' म्हणतो," ते मला म्हणाले. "याला बढती कशी मिळणार, सूनबाई?"

तुमच्या अकोल्याच्या आजोबांना बढती खरोखरच फार उशिरा मिळाली.