काकांचा अमिनोचा डबा

आमच्या घरी अन्यायावर एकच उपाय असतो : पत्रक. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे वारूळवाडीच्या काकांनी कळंबच्या एका विक्रेत्याकडून अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा आणला आणि ब्लडप्रेशरची गोळी बंद केली, तेव्हा मी आधी कागदच ओढला.

काका टोमॅटोवाले. अमिनो त्यांच्या ओळखीचं. फुलगळ झाली की ते प्लॉटवर फवारतात.

"झाडाला चालतं, मग मला का न्हाई? रक्ताच्या नळ्या मऊ व्हत्यात म्हनला तो."

मी पेटले. लिहून काढलं : रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी एका अमिनो ॲसिडपासून नळी सैल करणारा वायू बनवतात, हे खरं. काहींपासून स्वतःला झिजेपासून जपणारं ग्लुटाथायोन बनवतात, हेही खरं. पण ही अमिनो ॲसिडं डाळीत, तिळात, शेंगदाण्यात, अंड्यात असतात. दोन वेळ नीट जेवणाऱ्याला डबा विकणं ही लूट आहे! आणि डबा म्हणजे गोळी नव्हे!!

काकांनी गोठ्यात उभ्या उभ्या वाचलं. "लई भारी लिवलंस, पुढारीनबाई. घोडेगावला तहसीलदाराला नेऊन दे." पत्रक खिशात गेलं. गोळी फळीवरच राहिली.

संध्याकाळी काकूनं त्यांच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधला. आकडा बघून तिचा चेहराच उतरला. डोकं दुखतंय का, तिनं विचारलं. काका म्हणाले, उन्हाचं असंल.

"अवो, टमाट्याला अमिनो मारलं की ठिबक बंद करता का?"

"येडी हायेस का? पानी तोडल्यावर झाड जगंल व्हय?"

काकू नुसती फळीकडे बघत राहिली.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आन गोळी. सकाळी डाक्टरकडं पन जाऊ."

मी पत्रक परत मागून घेतलं आणि काकूचा प्रश्न सगळ्यात वर लिहिला. उद्गारचिन्हं खोडली. एक ठेवलं.

काकांचा हिशेब मात्र बाकी होता. "पोरगी म्हनती तिळात अमिनो हाय. मंग रविवारी मासवडी कर."

"करते की. मीठ कमी घालून."

"मीठ कमी?" काका माझ्याकडे वळले. "ह्याच्यावर काढ पत्रक!"