शिवेवरची विहीर आणि दोन नकाशे

विहिरीचा खड्डा पंधरा फूट खोल गेला, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेजारच्या गावाची तक्रार आली होती. ही नवी विहीर आमच्या पिण्याच्या विहिरीच्या फार जवळ आहे, आमचं पाणी आटलं तर काय करायचं?

नियम असा, की गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत दुसरी विहीर खणायची नाही. शिवेच्या अलीकडे, सोनाळा गावात वांगी-मिरची लावणाऱ्या निर्मलाबाईंना या विहिरीची परवानगी मिळाली होती ती माझ्या रिपोर्टवर. मी सर्व्हेअर. अंतर लिहिलं होतं सहाशे चाळीस मीटर.

"जागेवर गेला होता?"

"नाही सर. नकाशावरून काढलं."

मी फाइल उघडली. बाईंचं शेत अगदी शिवेवर, म्हणून नकाशे लागले दोन, दोन गावांचे. नकाशाच्या कोपऱ्यात स्केल लिहिलेली असते. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे किती मीटर, ते ती सांगते. पहिल्या नकाशावर खड्ड्यापासून शिवेपर्यंत चार सेंटिमीटर. दुसऱ्यावर शिवेपासून पिण्याच्या विहिरीपर्यंत दोन पूर्णांक चार. मी आधी बेरीज केली आणि मग शंभराने गुणलं. पण शंभर मीटरची स्केल फक्त दुसऱ्या नकाशाची होती. पहिल्याची पन्नास. म्हणजे दोनशे आणि दोनशे चाळीस, एकूण चारशे चाळीस. शाळेतलं पोरही आधी मीटर करून घेतं. वीस वर्षं नोकरी झाली, की माणूस नकाशाचा कोपरा बघत नाही.

"टायपिंग मिस्टेक म्हणून लिहा," साहेब हळूच म्हणाले.

"टायपिस्टने काय केलं, सर? चूक माझी आहे." तसंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन शेतावर गेलो. टेपनेही पाचशेच्या आतच भरलं. निर्मलाबाई घमेलं खाली ठेवून आल्या.

"काऊन साहेब, आता काय मोजून राह्यले? कागद तर तुमीच देला होता."

मी सगळं सांगितलं. त्यांच्या नजरेला नजर देता येईना. नवरा खड्ड्यातून वर आला आणि बांधावर बसला.

"त्या गावच्या बायाइले पानी पायजे, हे खरं हाय," निर्मलाबाई म्हणाल्या. "पन साहेब, तुमी चुकले कागदावर, अन् खड्डा पडला माह्या वावरात."

मला लाज वाटली, ती आजही वाटते.

शेताचं दुसरं टोक पाचशे मीटरच्या बाहेर होतं. तिथे मी स्वतः टेप धरली, नवी परवानगी लागलीच काढून दिली. पाणी लागलं, पण उशिरा. त्या साली त्यांची उन्हाळी मिरची वाळून गेली. मला मेमो मिळाला, आणि तो वाजवीच होता.

तेव्हापासून पट्टी हातात घेण्याआधी मी प्रत्येक नकाशाची स्केल मोठ्याने वाचतो. ऑफिसात हसतात. हसू देत. फाइलमधली चूक मी एका ओळीत दुरुस्त केली. तो खड्डा बुजवायला नवरा-बायकोला आठ दिवस लागले.