सिनेमातली गप्प आक्का

माझ्यावर एक सिनेमा निघाला आहे आणि त्यात मी एक अक्षरही बोलत नाही.

काढला माझ्या भाचीनं, प्रणालीनं. दिवाळीत इस्लामपूरला आमच्याकडे राहून तिनं मला कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. (फार कष्ट पडले नाहीत.) पुढं कापाकापी करताना माझं बोलणं तेवढं काढून टाकलं आणि मधेमधे मी गप्प होते ते ठेवलं. ते तिला कुठं सापडलं, देव जाणे.

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळू. त्याचं खताचं दुकान. त्यानं लेकीला बजावलं होतं, "ह्यो सिनेमा मला समजला तर ठीक. न्हाईतर गुमान दुकानात बसायचं."

मी ठरवलं, बाळूला समजवायची जबाबदारी आपली.

आमच्या सोप्यात पडदा म्हणून चादर बांधली, नातेवाईक जमले, सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मी ज्वारी निवडतेय. निवडतेच आहे.

"आवाज गेला काय गं?" मी विचारलं.

"आत्या, सिनेमा असाच आहे," प्रणाली कुजबुजली.

बाळूनं जांभई दिली. मग मीच सुरू झाले. "बाळू, ही तुझ्याच रानातली ज्वारी. किडकी निघाली, म्हणून तोंड वाकडं हाय माझं." सगळे हसले. मला हुरूप आला. (इथंच थांबायला हवं होतं.)

शेवटी पडद्यावर माझ्या लेकाची गाडी पुण्याला निघून गेली आणि मी फाटकात उभी, हातात त्याचा विसरलेला डबा. किती वेळ उभी! बाळू हलेना. झोपला वाटतं, म्हणून मी उठून थेट चादरीपुढं गेले आणि बोट ठेवून दाखवलं, "ह्यात शेंगदाण्याची चटणी हाय."

निम्मा सिनेमा आता माझ्या अंगावर.

"आक्का, बाजूला हो," बाळू म्हणाला. "डब्यात काय का असंना. मला तुझं तोंड बघू दे."

"मग बघ की."

"हे न्हवं. ते मागचं."

मी खाली बसले.

दिवा लावला तेव्हा बाळू चष्मा पुसत होता. लेकीला म्हणाला, "दुकानाला मी दुसरा माणूस बघतो. तू दुसऱ्या सिनेमाचं बघ."

गेल्या महिन्यात तो सिनेमा सांगलीत दाखवला. बाळूनं गाडी भरून माणसं नेली.

"आणि मी रं?"

"तू हायस की सिनेमात," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मग मी एकटीच ज्वारी निवडत बसले. संध्याकाळपर्यंत, अगदी गप्प. आणि नेमका तेव्हा कॅमेरा लावायला कुणी नव्हतं.