मलखांबाला पालवी

मलखांबाला पाणी घालू नये.

हा नियम व्यायामाच्या कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. (छापायची वेळ येईल असं कुणा लेखकाच्या स्वप्नातही आलं नसेल!) तो मी स्वतः अनुभवाने शोधून काढला आहे, आणि त्यापायी एका श्रावणात महिनाभर स्वतःच्या हातची कच्ची भाकरी खाल्ली आहे.

तेव्हा मी महाडच्या तालुका कचेरीत कारकून होतो. दिवसभर कागद खरडायचे आणि संध्याकाळी ओटीवर बसून मासिकांतली कात्रणं एका वहीत चिकटवायची, हा माझा छंद. वहीवर मी ठसठशीत अक्षरांत ‘नवलवही’ असं लिहिलं होतं. दोन तोंडांचं वासरू, अंगठीत बसवलेलं घड्याळ, तांदळाच्या दाण्यावर कोरलेला गणपती, दातांनी मोटार ओढणारा पहिलवान... काय एकेक नवल होतं त्यात! पान उलटताना माझा आ वासलेला असायचा. वहीच्या मागल्या बाजूला आरोग्याचे नित्यनियम होते. पहाटे उठावे. गार पाण्याने स्नान करावे. घास सावकाश चावावा. हे नियम मी रोज न चुकता वाचत असे. ऊन खिडकीतून उशीवर आलं, की आडवा पडूनच वाचत असे.

असं बलसंवर्धन चालू असताना दिवाळीला पोलादपूरला सासुरवाडीस गेलो. माझे सासरे तात्या म्हणजे तरुणपणी मलखांब गाजवलेला माणूस. साठी उलटली तरी पाठ अशी ताठ, की त्यांच्यापुढे आमच्या घरचा दरवाजा वाकडा वाटावा. मी अभ्यंगासाठी उघडाबंब पाटावर बसलेला. तात्यांनी दोन बोटांत माझा दंड धरला, दाबला, आणि गंभीरपणे विचारलं,

“जावईबापू, हा दंड हाय का दुधी?”

सगळं घर हसलं. आमची ही तर भिंतीकडे तोंड करून हसली. पाठ हलत होती, त्यावरून कळलं.

आता पाटावर, ओल्या अंगाने, उटणं फासलेल्या अवस्थेत माणसाने शहाणपणाने गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, “तात्या, येत्या नागपंचमीला महाडला या. मलखांबावर चढून दाखवतो!”

“चढतं तर माकडपण,” तात्या म्हणाले. “एक वेल घ्या. मग मानू.”

वेल म्हणजे मलखांबावरची एक करामत. खांबाला अंगाचे वेढे देत, वेलासारखं वळत वळत शेंड्यापर्यंत जायचं.

“घेतो!”

“मग ठरलं. पंचमीला लेकीला न्यायला येतो. तुम्ही वेल घेतलात, तर दोन दिवसांत तिला परत आणून पोचवतो. नाय घेतलात, तर ती गौरी-गणपतीपर्यंत आमच्याकडे.”

“कबूल!” मी गरजलो. (मला चहासुद्धा उतू न घालवता करता येत नव्हता. महिनाभर चूल सांभाळायची म्हणजे मला काळ्या पाण्याची शिक्षाच! पण गरजताना हे कुणाला आठवतं?)

चैत्रात मी शिवथरकडच्या धाकूला खांब आणायला सांगितलं. धाकू आमच्याकडे लाकूडफाटा घालायचा.

“कसला हवा, सायेब?”

“सरळ हवा, गुळगुळीत हवा. आणि हलका हवा, मला एकट्याला हलवता आला पाहिजे.”

हलका! मलखांब हलका! धाकूने डोकं खाजवलं आणि आठ दिवसांनी खांद्यावर टाकून, शीळ घालत, एक ओंडका आणला. साल तासायला त्याने कोयता काढला, तसा मी ओरडलो,

“अरे, साल राहू दे! नुसते काटे तास. सालीवर पकड चांगली बसते.”

“साल ठेवायची? पर सायेब, ह्यो...”

“तू मला शिकवू नकोस. आणि ती वरची फांदी बुंध्याशी तोडू नकोस. वीतभर खुंटी ठेव. व्यायामाच्या वेळी सदरा टांगायला बरी.”

“तुमी म्हनाल तसं,” धाकू म्हणाला, आणि जाताना आमच्या हिच्याकडे बघून उगाच हसला. हीसुद्धा हसली. मला वाटलं, माझ्या उत्साहाचं कौतुक!

परसात कमरेइतका खड्डा खणून, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर मी मलखांब उभा केला. दुसऱ्या दिवशी लंगोट कसला, खांबाला एरंडेल चोपडलं आणि मिठी मारली. पुढे काय करायचं ते आठवेना, म्हणून जरा वेळ तसाच राहिलो. मग खांब डुलू लागला. मीही डुलू लागलो. आम्ही दोघं एकमेकांच्या आधाराने कसेबसे उभे होतो.

“माती बसली नाही अजून,” मी हिला म्हणालो. “पाणी ओतून धुमसायला, घट्ट बसवायला हवी.”

“खांबाला पाणी घालणार?”

“मातीला गं! शिवाय घागरी वाहण्याने दंड भरतात.”

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, “घाला घाला. जागा ओली राहणारच आहे, तर मी घोसाळ्याच्या दोन बिया टाकते तिथे.”

त्या दिवसापासून मी खांबाला रोज सकाळी दोन घागरी पाणी घालू लागलो. मलखांबाचा माझा व्यायाम म्हणजे एवढाच! चढणं जमेना, पण धुमसणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. मृगाने दर्शन दिल्यावर ते काम पावसाने आपल्याकडे घेतलं आणि मी निवांत झोपू लागलो.

आषाढातल्या एका सकाळी तोंड धुवायला परसात गेलो आणि दात घासताघासता तसाच थिजलो. मलखांबाला पालवी फुटली होती!

खरं सांगतो, अंगावर काटा आला. तोडलेलं लाकूड, उन्हात पडलेलं, खाली दगडमाती... आणि त्याच्या अंगातून पोपटी कोंब! एक नाही, चांगले सात-आठ! प्रत्येक देठावर तीन-तीन पानं, आणि पानांवर पावसाचे थेंब. मी राखुंडी लागलेल्या बोटाने एक पान हळूच उलटून पाहिलं आणि मला गहिवरून आलं. आजवर मी लोकांची नवलं डिंकाने चिकटवत होतो. आता माझ्या स्वतःच्या परसात नवल उगवलं होतं!

शेजारचे गोविंदशेट कापडवाले कुंपणावरून डोकावले. गोविंदशेट जन्मात कधी शेताच्या बांधावर गेले नव्हते. त्यांना झाड म्हणजे छापील लुगड्यावरचं तेवढं ठाऊक.

“भाऊसाहेब! त्रिदळ आहे हो, त्रिदळ!”

“म्हणजे?”

“महादेवाचं पान! श्रावण तोंडावर आलाय आणि तुमच्या मलखांबाला त्रिदळ फुटलंय. ही साधी गोष्ट नाही. कडक तपश्चर्या केलीत तुम्ही!”

मी नम्रपणे मान खाली घातली. (गेला महिना-दीड महिना मी झोपलो होतो, हे सांगायला ती वेळ योग्य नव्हती.)

बातमी आळीभर झाली. लोक येऊ लागले. कुणी खांबाला हळदकुंकू वाहिलं, कुणी तेलाची धार सोडली. “सव गावच्या कुंडात ऊन पाणी येतं ते एक नवल, आणि हे दुसरं,” म्हातारे म्हणू लागले. लोक मला विचारत, “भाऊसाहेब, रोज काय करता?” मी नवलवहीच्या मागल्या पानावरचे नियम गंभीरपणे सांगे. कचेरीतले दोघे-तिघे खरोखरच घास सावकाश चावू लागले आणि दुपारच्या सुट्टीनंतर उशिरा येऊ लागले!

माझ्या मनात मात्र वेगळाच आनंद होता. देवाच्या खांबाला पाय कसा लावणार? वेल रद्द, तात्यांची अट रद्द, आणि चूल जिची तिच्याकडे सुरक्षित!

नागपंचमी उजाडली. तात्या पोलादपूरहून बैलगाडीने आले. परसात आळीतले वीस-पंचवीस लोक जमले होते. तात्यांनी खांबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोंब आता हातभर लांब झाले होते, आणि हिच्या घोसाळ्याच्या वेलाने तळापासून वर वेढे घातले होते. तात्यांनी एक पान तोडलं, उलटंपालटं केलं.

“पांगारा,” ते म्हणाले.

“काय?”

“पांगारा हो, जावईबापू! आमच्याकडे कुंपनाला लावतात. नुसती फांदी खोचली चिखलात, तरी जगते. तुम्ही तर घागरीनं पानी घातलंत म्हनं?”

गोविंदशेटांनी जोडलेले हात हळूच धोतराला पुसले. पण मी हार मानली नाही.

“असेल पांगारा. पण लोकांनी पुजलेल्या खांबाला पाय लावायचा म्हणजे...”

“नमस्कार करा आन् चढा!” तात्या म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. ही दारात पदर तोंडाला लावून उभी. महिनाभराच्या भाकऱ्या माझ्या डोळ्यांपुढून फिरत गेल्या. मी लंगोट कसला, मारुतीचं नाव घेतलं आणि खांबाला भिडलो. आणि काय सांगू! ज्या खांबावर मला वीतभर चढता आलं नव्हतं, त्याला आता पायऱ्या होत्या! एका कोंबाच्या बुडाशी पाय, दुसऱ्याला हात, असा मी चढत गेलो. कोंबांना नवे काटे होते, ते कुठेकुठे बोचले ते इथे लिहीत नाही. पण चढलो. सदऱ्याच्या खुंटीच्याही वर गेलो. खाली “वाहवा!” झाली. त्या वाहवेला मान द्यायला म्हणून मी एक हात सोडला.

पायाखालचा कोंब कडकन मोडला. मी गर्रकन पाठमोरा फिरून खाली घसरलो आणि मध्येच अडकलो. पाहतो तर ती वीतभर खुंटी माझ्या लंगोटाच्या मागल्या गाठीत बरोबर शिरलेली! हात मोकळे, पाय मोकळे, आणि मी जमिनीपासून दोन-अडीच हात वर, पालवीत लोंबकळतो आहे.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या.

“अधांतरी!” गोविंदशेटांचे हात पुन्हा जोडले गेले. “अहो, अधांतरी आसन!”

तात्यासुद्धा दोन पावलं मागे सरले. “उभ्या जन्मात असली पकड बघितली नाय,” ते पुटपुटले. “हात सोडलेत, पाय सोडलेत... जावईबापू, धरलंय कशानं?”

“तात्या,” मी वरून क्षीण आवाजात म्हणालो, “धरलंय लंगोटानं. मला खाली काढा!”

मग जो हशा झाला, त्याने घोसाळ्याची फुलं गळाली असतील. गोविंदशेट धावत कोयता घेऊन आले. “गाठ कापतो!”

“थांबा!” जमलेल्या बायका एकदम ओरडल्या. “आज पंचमी! आज कापायचं नाही, चिरायचं नाही!”

“मग खुंटी तोडू?”

“तोडायचंही नाही!”

“मग खांबच खणून काढतो!”

“खणायचं तर मुळीच नाही! जमिनीत नाग असतो आज!”

नागाची एवढी काळजी! वर जावई लटकतोय त्याचं काय? मी हिच्याकडे आशेने पाहिलं. तीही म्हणाली, “रीत आहे ती. उद्या सकाळी कापता येईल.”

शेवटी तात्याच पुढे आले. त्यांनी धोतर खोचलं, वाकून माझे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले आणि ‘जय बजरंग’ म्हणून मला उभाच्या उभा उचललं. गाठ खुंटीतून सुटली. साठीच्या सासऱ्याच्या खांद्यावर तिशीचा जावई, अंगाला एरंडेल, डोक्यावर पांगाऱ्याचं पान! आळी टाळ्या वाजवत होती. टाळ्या कुणासाठी होत्या, हे मी विचारलं नाही.

“दुधी म्हनालो ते चुकलंच,” मला खाली ठेवत तात्या धापा टाकत म्हणाले. “वजन कोहळ्याचं हाय.”

मी शेवटचा प्रयत्न केला. “तात्या, वर तर गेलो की नाही?”

“अट वेलाची होती.”

“वेल पण आहे की!” मी हिच्या घोसाळ्याकडे बोट दाखवलं. “तळापासून शेंड्यापर्यंत वेढे!”

“तो वेल माझ्या लेकीचा. तिला मी कधीपन मानतो. चल गो, आवर लवकर.”

हिचं गाठोडं आधीच बांधून तयार होतं. (कधी बांधलं होतं, देव जाणे!) मी बैलगाडीपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत बसताना तिने सांगितलं की पीठ डब्यात आहे, मीठ कोनाड्यात आहे, घोसाळी कोवळी आहेत तोवर काढून घ्या, आणि भाकरी उलटताना हात भाजला तर एरंडेल शिल्लक आहेच.

बैल चालू लागले तशी मी गाडीबरोबर चार पावलं धावलो.

“एक खरं सांग. तो पांगारा आहे, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“माहेरी सगळं कुंपण पांगाऱ्याचंच आहे. न कळायला काय झालं?”

“मग बोलली का नाहीस?”

तिने पदर सावरला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे परसात डोलणाऱ्या मलखांबाकडे पाहिलं, आणि म्हणाली,

“म्हटलं, दोघांपैकी एकानं तरी अंग धरू दे!”