मुराळी रिकामा गेला

भाऊबीजेला वैजनाथची गाडी फाटकात दिसली तशी मैना माडीवरनं पळतच खाली आली. भाऊ मुराळी होऊन न्यायला आला व्हता. सासवडला आई अंथरुणाला खिळलेली, "मैनी आली का गं?" म्हणून दाराकडं बघत बसायची. एवढंच व्हतं बघा, जाऊन आईचं तोंड बघायचं. पण हडपसरच्या त्या सासरच्या घरातनं बाईमाणसानं पाऊल बाहेर टाकणं सोपं न्हाई.

लेक संस्कृती वट्यावर परीक्षेचं मोठ्यानं वाचत बसली व्हती. हिटलर म्हणं उशिरा उठायचा, कागदाचा त्याला कंटाळा. हुकूमबी धड द्यायचा न्हाई. मग हाताखालची माणसंच त्याच्या मनातलं ताडायची, एकमेकाच्या पुढं पळायची. स्टालिनची तऱ्हा निराळी. तो आरडाओरडा करायचा न्हाई, पण कागद न् कागद स्वतः वाचायचा, हातात पेन्सिल घिऊन.

"अगं, पयला तर आपला म्हातारा की!" मैना हसली.

तिचा सासरा गेनबा तसलाच व्हता. जमिनी इमारतींत गेल्या, वट काय गेली न्हाई. वराडायचा वाघागत, पण काय पायजे ते कधी सांगायचा न्हाई. कपाळाच्या आठीवरनं सुनांनीच वळखायचं, आज भाकरी का चपाती. थोरली धाकटीच्या आधी पळायची, धाकटी थोरलीची चुगली लावायची. म्हातारा गेला नि मैनाचा नवरा दशरथ कारभारी झाला. त्याचा आवाज कधी चढत न्हाई. फाटकावर कॅमेरा बसवलाय, हापिसातनं मोबाईलमधी बघतो. दूधवाला का थांबला व्हता, ते सांजच्याला हळूच इचारतो.

"मग दुसरे आपले पप्पा," संस्कृती म्हणाली नि तिनं जीभ चावली.

"ताई, पिशवी भर," वैजनाथ म्हणाला. "दाजींना फोन लाव, न्हाईतर मी लावतो."

"नगं नगं!" मैना दचकली. काल जेवताना तिनं आईचं नाव काढलं, तवा दशरथनं ताट बाजूला सारलं व्हतं. बोलला काय न्हाई. पण ताट सारलं म्हंजी नगंच की! इचारून नकार ऐकण्यापरीस आधीच ताडावं, म्हाताऱ्याच्या राज्यात ती हेच शिकली व्हती. "गुडघा लई धरलाय रे. पुढच्या महिन्यात येते."

"गुडघा? आत्ता तर माडीवरनं हरणागत आलीस."

"लई वकील झालास! बस पाटावर."

तिनं त्याला ओवाळलं, आईसाठी बेसनाचं लाडू दिलं. गाडी निघाली तवा ती दारातच थांबली, फाटकापर्यंत गेली न्हाई.

सांजच्याला दशरथनं च्याचा घोट घेतला. "वैजनाथ रिकामाच गेला?"

"तुमाला आवडलं नसतं म्हणून... म्हंजी, गुडघा दुखतोय."

"मी कुठं नको म्हणालो व्हतो?"

संस्कृती मधी पडली, "मग उद्या जाऊ दे की आईला, पप्पा. मी सोडते."

दशरथनं कप खाली ठेवला. "अगं, असं कसं? तिचा गुडघा दुखतोय ना."