तारेनं बांधलेली पानं

"पाणी धरतंय का सांडतंय?"

माडासारखं दिसणारं कुठलंही झाड कुणी दाखवलं, की आमचे वायरमनभाऊ आधी हे विचारायचे. उत्तराची वाट मात्र बघत नसत. तांब्यातलं पाणी चार बोटांवर घेऊन पानावर शिंपडायचे आणि मान तिरकी करून बघत राहायचे. पात पन्हळीसारखी वर उघडी असली तर पाणी तिच्यात थांबतं. म्हणजे शिंदी, खजूर किंवा भेर्ली. कौलासारखी उलटी असली तर ओघळून जातं. म्हणजे नारळ किंवा सुपारी. इतकं सोपं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते अकरा वर्षांत एकदाही जमलं नाही.

दोष सगळा माझा नाही. मी घाटावरची. आमच्याकडे बोरी-बाभळी आणि ऊस. जे उंच आणि झिपरं दिसेल त्याला आम्ही नारळ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. नव्वदच्या दशकात नोकरी लागून मी शेणव्याच्या शाळेत आले आणि भाऊंच्या घराला लागून असलेली कौलारू खोली भाड्यानं घेतली. सामान उतरवताना अंगणातल्या त्या उंच झाडाकडे बघून मी विचारलं, "याला नारळ लागतात का हो?"

भाऊंनी माझी ट्रंक खाली ठेवली. "बाई, शाळेत काय शिकवता?"

"मराठी, आणि परिसर अभ्यास."

त्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली.

ते झाड होतं भेर्ली माड. त्याची पानं नीट बघितली तर प्रत्येक पात माशाच्या शेपटीसारखी कातरलेली असते. भाऊंच्या आईचं माहेर मुरबाडकडे, धसईच्या पलीकडे. तिथलं घर मोडलं, भाऊबंद पांगले, तेव्हा भाऊंनी तिथून एक रोप उपटून एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं होतं. अंगणात लावलं आणि आईला सांगितलं, "घे, आये, तुझं माहेर इथं आणलं." हे मला त्यांच्या आईनंच सांगितलं, आणि एकदा नाही, आठवड्यातून एकदा.

माणूस मोठा गमतीचा होता. दिवसभर विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायच्या, झावळ्या छाटायच्या, हेच त्यांचं काम. लोक शिव्या द्यायचे. संध्याकाळी घरी येऊन हाच माणूस डालड्याच्या डब्यांत आणि काळ्या पिशव्यांत रुजवलेली रोपं कुरवाळत बसायचा. सुपारी, शिंदी, ताड, बंगलेवाल्यांचे शोभेचे पाम. डब्याच्या तळाशी पाणी निचरायला विटांचे तुकडे घालतात. भाऊ खांबावरच्या फुटक्या इन्सुलेटरचे तुकडे घालायचे. नारळाच्या शेंड्यात गेंडाभुंगा शिरला की लोक त्यांना बोलवायचे. ते खिशातून तांब्याची तार काढत, तिला आकडा करत आणि भोकातून भुंगा अलगद ओढून बाहेर काढत.

एकदा मुंबईचे एक बंगलेवाले गाडीत कुंडी घालून आले. पाम वाळत चालला होता. साहेबांनी तो नीटनेटका दिसावा म्हणून खालची सगळी हिरवी पानं छाटली होती. भाऊंनी कुंडीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, तुमी जेवायला बसलात आन् ताट उचलून नेलं, तर?"

"म्हणजे?"

"पान म्हंजे त्याचं ताट. वाळल्याशिवाय हात लावू नका. आन् ही मधली सुई बगा." शेंड्यातून वर आलेलं, अजून न उलगडलेलं पान त्यांनी दाखवलं. "माडाला फांद्या नसतात. ही एकच सुई. ही गेली की सगळं गेलं."

साहेबांनी मान डोलवली. मीही डोलवली. मग मी माझ्या दारातल्या डब्यातल्या रोपाची वाळलेली समजून जी काडी आदल्या दिवशी उपटून टाकली होती, ती सुई होती हे माझ्या लक्षात आलं. आठ दिवस मी तो डबा भाऊंच्या नजरेआड ठेवला.

मी आले त्याच्या चौथ्या वर्षी भेर्ली फुलली. शेंड्याजवळून हातभर, मग दोन हात, मग माणसाच्या उंचीचा तुरा लोंबू लागला. बायकांनी मोकळे सोडलेले केसच जणू. आळीतल्या बाया झाडाला हळदकुंकू लावून गेल्या. भाऊंची आई ओट्यावर बसून सगळ्यांना गूळ वाटत होती. मीही शहापुरातून पेढे आणले आणि भाऊंच्या हातावर ठेवले.

त्यांनी पेढा खाल्ला नाही. मला विहिरीपाशी बाजूला घेतलं.

"बाई, भेर्ली एकदाच फुलते. वरनं सुरुवात होते, दरसाल खाली खाली तुरे येतात. खालचा तुरा पिकला की झाड मेलं."

"मग सगळे आनंदात का आहेत?"

"ज्यांना ठाऊक हाय त्यांना मी गप बसवलंय. आय बारा वर्षांची असताना लगीन होऊन आली, तिला यातलं काय ठाऊक नाय. माहेर म्हणून बघते ती या झाडाकडं. तिला कसं सांगू, की ते पन चाललं? तुमी बोलू नका."

मी बोलणार नाही असं वचन दिलं. पेढ्यांचा पुडा हातात तसाच राहिला. त्या पुड्याचं काय करायचं तेही मला कळेना.

पुढच्या वर्षी तांबूस फळांचा सडा पडला. मी परिसर अभ्यासाची बाई. मला वाटलं, सुपाऱ्या. सूपभर गोळा केल्या आणि हातानं सालं सोलायला बसले. पाच मिनिटांत कोपरापर्यंत आग आग, खाज खाज. मी अंगणात नाचत होते आणि भाऊंची आई हसून हसून भिंतीला टेकली होती. मग तिनंच चिंचेच्या पाण्यानं माझे हात धुतले. "घाटावरची ती घाटावरचीच," ती म्हणाली. झाडाबद्दल काहीही ठाऊक नसलेली म्हातारी हे सगळं इतक्या सहज कसं करते आहे, असा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला.

वर्षं गेली. तुरे एकेक पाऊल खाली उतरत होते. शेंड्याला नवं पान यायचं थांबलं, जुनी वाळून पडू लागली. भारनियमनाचे ते दिवस, लाइट गेली की लोक भाऊंच्या दारात येऊन भांडायचे आणि ते शांतपणे त्यांच्या हातात झारी द्यायचे, "लाइट येईपर्यंत तेवढी रोपं भिजवा." पण त्यांचं निम्मं लक्ष वर असायचं. आईला मोतीबिंदू झाला होता. तिला ओट्यावरून आकाशात एक हिरवा धब्बा तेवढा दिसायचा. आणि आता तो धब्बाही विरत चालला होता.

मग एका वर्षी दिवाळीनंतर एके सकाळी मी शाळेला निघाले आणि वर बघते तर झाड हिरवंगार! मी दप्तर तिथेच टाकलं.

"भाऊ, सुधारलं की तुमचं झाड!"

भाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांच्या कमरेला खांबावर चढायचा पट्टा होता आणि खांद्यावर तारेचं वेटोळं. तानशाकडच्या लाइनीखाली जंगलातल्या भेर्लीच्या झावळ्या तोडाव्या लागत. त्यातल्या चांगल्या चार-पाच निवडून ते घरी आणत, भल्या पहाटे वर चढत आणि शेंड्याला तारेनं बांधून टाकत. ही पानं पंधरा-वीस दिवस हिरवी राहतात. लग्नाच्या मांडवाला म्हणूनच लावतात. पंधरा दिवस झाले की जुनी काढायची, नवी बांधायची. खाली उतरले की आईजवळ बसायचे आणि म्हणायचे, "आये, बग कशी हिरवी हाय."

मला हसावं की रडावं कळेना. शिवाय भीती वाटायची. मरत आलेल्या माडाचा बुंधा आतून पोकळ होतो, हे भाऊंनीच मला शिकवलं होतं. तो वाकला असता तर माझ्या कौलांवर आला असता, आणि त्या वेळी भाऊ वर असते तर भाऊंसकट. मी तसं म्हटलं. त्यांनी बुंध्यावर पक्कड वाजवून दाखवली. "अजून भरीव वाजतंय, बाई." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

शिमग्याच्या आधी एकदा भाऊ कामावर गेले असताना मी म्हातारीजवळ बसले होते. तिला बरं वाटावं म्हणून मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "आजी, माड किती हिरवा झालाय!"

ती हसली. "बाय गो, माझे डोळे गेले, कान नाय गेले. जितं पान वाऱ्यात सळसळतं. मेलेलं खडखडतं. दिवाळीपासनं ऐकतेय मी."

मी वर शेंड्याकडे बघितलं.

"माझ्या बापाच्या दारात सात भेरल्या व्हत्या. माडी काढायचा तो. एकेक कशी फुलली आन् कशी गेली, सगळं बघितलंय मी. बारा वर्षांची पोर काय आंधळी असते?"

"मग भाऊंना सांगा ना! कशाला चढू देता त्यांना? पडले म्हणजे?"

म्हातारीनं माझा हात धरला. "सांगितलं तर चढायचा थांबेल. मग उतरून माझ्याजवळ कशाला बसेल? तो लहानपणापासनं असाच, मुका. झाडाशी बोलतो, तारांशी बोलतो. आता पंधरा दिवसांनी येऊन मला सांगतो तरी, आये, बग कशी हिरवी हाय. तेवढं राहू दे. तू नको सांगू त्याला."

तिलाही मी वचन दिलं. दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मुलाचं गुपित आईपासून लपवायचं, आईचं मुलापासून, आणि मधे तो पोकळ बुंधा, ज्यावर पन्नाशीचा माणूस पट्टा लावून चढतोय. एकदा वाटायचं, भाऊंना सांगून टाकावं. निदान जीव तरी वाचेल. लगेच वाटायचं, मग म्हातारीचं काय उरेल? आणि म्हातारीला सांगावं, की आता पुरे? तर ती ऐकणार नव्हती. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत, हे मी अनेकांना विचारलंय. प्रत्येकजण ठामपणे काहीतरी सांगतो, आणि दोघांचं उत्तर कधी सारखं नसतं. मी काहीच केलं नाही. पहाटे शिडीचा आवाज आला की उठून दारात उभी राहायचे, ते खाली उतरेपर्यंत. याचा काय उपयोग होता ते विचारू नका.

चैत्रात म्हातारी गेली. दुपारी जेवली, आडवी झाली, आणि उठलीच नाही. माझी स्वतःची आजी गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

तेरावं झालं. भाऊ त्यानंतर वर चढले नाहीत. बांधलेली पानं तपकिरी झाली, वाऱ्यात वाजू लागली. तेव्हा तो खडखडाट मलाही ऐकू आला, आणि पहिल्यांदाच मला झाडाचं काहीतरी कळलं.

मिरगाच्या आत झाड उतरवणं भाग होतं. वारा सुटला असता तर माझं छप्पर गेलं असतं. भाऊंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोर बांधून, वरून तुकडे करत करत त्यांनी एका रविवारी अख्खा माड खाली आणला. माझं एक कौलही हललं नाही. खालचे तुकडे पडले तेव्हा आत नुसता भुसा होता. तो मी ओंजळीत घेऊन बघितला. भाऊंनी मात्र तो पायानं बाजूला सारला.

मग ते बुंध्याच्या बुडख्यावर बसले आणि शेंड्याभोवतीच्या गंजलेल्या तारा पकडीनं सोडवू लागले. मी चहा घेऊन गेले. कप खाली ठेवून मी उभी राहिले. त्यांनी वर न बघता विचारलं, "बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"आयला कळलं व्हतं का वो?"

उन्हात मला काही दिसेना. तोंडात दोन्ही उत्तरं होती. त्या माणसानं सहा महिने जीव धोक्यात घातला होता तो एवढ्यासाठी, की तिला कळू नये. आणि तिनं माझा हात धरून एवढंच मागितलं होतं, की तिला कळलंय हे त्याला कळू नये.

"नाही," मी पदर सारखा करत म्हणाले. "नाही कळलं. शेवटपर्यंत म्हणायची, माझं माहेर हिरवं आहे."

भाऊंनी तारेचं वेटोळं पुरं केलं. त्यांनी चहा प्यायला, कप विसळून ओट्यावर पालथा घातला. शिडी खांद्यावर घेतली. चार पावलं गेले आणि थांबले.

"आय पन खोटं बोलताना असाच पदर सारखा करायची," ते म्हणाले, आणि शिडी घेऊन रस्त्याला लागले.